लहान राज्यातील वकिली आणि हितसंबंधांचा संघर्ष : गोव्यातील एका तरुण वकिलाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत तीन वर्षे काढून आता फोंडा तालुक्यात स्वतंत्रपणे वकिली करणाऱ्या तरुण सहकाऱ्याकडे एक कुटुंब आले आहे. वडील वारले असून मागे आई आणि चार मुले आहेत. दोन मुलगे गावात राहतात, मुलगी लग्न होऊन इंग्लंडमध्ये आणि धाकटा मुलगा पोर्तुगालमध्ये आहे. राहते घर, एक भाट (माडांची बाग) आणि एक कुळागर (सुपारीची बाग) एवढ्या मालमत्तेची वाटणी इन्व्हेंटरीच्या (वारसांतील वाटणीची न्यायालयीन कारवाई) मार्गाने करून घ्यायची असून खर्च वाचावा आणि घरात कटुता येऊ नये म्हणून सर्वांच्या वतीने एकच वकील असावा, अशी कुटुंबाची इच्छा आहे. भाटात एका मुंडकाराचे, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत राहणाऱ्याचे, घर आहे, आणि त्या मुंडकाराचा अर्ज पूर्वी याच सहकाऱ्याने आपल्या ज्येष्ठांच्या कचेरीत बसून लिहिला होता. त्यात भर म्हणून, ज्या देवस्थानाचे ते स्वतः महाजन (परंपरागत हक्काचे सदस्य) आहेत त्याच्या समितीने एका वादात वकीलपत्र घेण्याची विनंती त्यांना केली आहे. शेवटी त्यांनी विचारले आहे, "एवढ्याशा राज्यात प्रत्येकाशी कुठला ना कुठला संबंध निघतोच. प्रत्येक वेळी नाही म्हणत बसलो तर काम कोणाचे करायचे?"

या शेवटच्या वाक्यातील अडचण खरी आहे, आणि ती मी हलकी मानत नाही. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. एवढ्या वस्तीत भाटकार (जमीनमालक), मुंडकार, कूळ, गावकार (गावसंस्थेचे वंशपरंपरागत सभासद) आणि महाजन ही नाती एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की दिवाणी दाव्यातील दोन्ही बाजू एकाच शाळेत शिकलेल्या, एकाच जत्रेला जाणाऱ्या आणि पुष्कळदा एकाच वकिलाच्या कचेरीची पायरी चढलेल्या असतात. पुण्यामुंबईच्या वकिलासमोर हा प्रश्न क्वचित येतो. आपल्यासमोर तो आठवड्यातून एकदा तरी उभा राहतो. मात्र यावरून नियम सैल करावेत असा निष्कर्ष निघत नाही, उलट येथील वकिलाला ते अधिक काटेकोरपणे पाळावे लागतात, असे माझे पक्के मत आहे. त्याची कारणे आपल्या तीनही प्रकरणांच्या आधारे सांगतो.

प्रथम इन्व्हेंटरी, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या प्रशासन कायद्याच्या ५ व्या कलमाने ती पुढे चालू ठेवली, आणि वारसा व इन्व्हेंटरी यांविषयीच्या तरतुदी २०१२ च्या वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्यात नव्याने मांडल्या गेल्या. हा कायदा २०१६ च्या सप्टेंबरात अमलात आला. हे सारे आपल्याला ठाऊक आहे. तरीही एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, ती अशी की या कायद्याची रचनाच कुटुंबातील प्रत्येकाला वेगळा हितसंबंध देणारी आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नीची मालमत्ता सामायिक असते. त्यामुळे वडील वारल्यावर मालमत्तेचा निम्मा भाग आईचा असतो, आणि तो वारशाने मिळालेला नसून मुळातच तिचा असतो. उरलेला निम्मा भाग चार मुलांत सारखा विभागला जातो. परंतु ही मुलेही विवाहित असतील, तर तोच सामायिकतेचा नियम त्यांनाही लागू असल्यामुळे सुना आणि जावई हेदेखील या कारवाईत आवश्यक पक्ष असतात. तेव्हा आपल्याकडे आलेले कुटुंब पाच माणसांचे दिसत असले, तरी चौघांचीही लग्ने झालेली असतील तर प्रत्यक्षात नऊ पक्ष आहेत, आणि त्यांपैकी चौघांना आपण अद्याप पाहिलेलेही नाही.

आता या नऊ जणांचे हित नेमके कोठे वेगळे होते ते पाहा. अर्ज, प्रशासकाची नेमणूक, वारसांची यादी आणि मालमत्तेची यादी या टप्प्यांपर्यंत सर्वांचे सूर बहुधा जुळलेले असतात. प्रशासक म्हणून, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेली 'काबेसा दे काझाल' म्हणून, सामान्यतः आईचे नाव येते आणि त्यावर कोणी हरकत घेत नाही. पहिली चीर मालमत्तेच्या यादीत पडते. वडिलांनी हयातीत थोरल्याला दुकानासाठी दिलेली रक्कम हिशेबात धरायची की नाही? घराचा नवा मजला धाकट्याने पाठवलेल्या पैशातून उभा राहिला, तो कोणाचा? या प्रश्नांवर आपण थोरल्याला जो सल्ला द्याल, तो धाकट्याच्या विरुद्ध जाणारा सल्ला असेल. दुसरी आणि खोल चीर बोली लागते तेव्हा पडते. वारसांपैकी जो अधिक बोली लावील त्याला ती मालमत्ता मिळते आणि हिश्श्यापेक्षा अधिक मिळालेल्या मूल्याची भरपाई, ज्याला आपण ओवेल्टी म्हणतो, ती त्याने इतरांना द्यायची असते. पौंडात किंवा युरोत कमावणारा वारस आणि गावात कुळागर शिंपणारा वारस एकाच कुळागरासाठी बोली लावू लागले, की एका वकिलाने दोघांना काय सांगायचे? "कुठपर्यंत जाऊ?" हा प्रश्न दोघेही आपल्याला विचारणार, आणि एकाची मर्यादा ठाऊक असताना दुसऱ्याला दिलेले कोणतेही उत्तर प्रामाणिक राहू शकत नाही.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. वकिलीच्या पाचव्या वर्षी मी अशीच एक इन्व्हेंटरी सर्व वारसांच्या वतीने चालवायला घेतली होती. आई रडत होती, मुले हात जोडत होती, आणि एकोप्याने काम होत असेल तर त्यात वाईट काय, असे मला मनापासून वाटले. दोन वर्षे काम सुरळीत चालले. बोलीच्या तारखेच्या आठ दिवस आधी दोन भाऊ वेगवेगळ्या संध्याकाळी माझ्याकडे आले आणि दोघांनीही मला विश्वासाने एकच गोष्ट सांगितली : घर काहीही करून मलाच हवे. त्या क्षणी माझ्याजवळ दोघांचेही गुपित होते आणि कोणाच्याही उपयोगी पडण्याची क्षमता मी गमावली होती. मला सर्वांच्याच वतीने माघार घ्यावी लागली आणि घेतलेली फी परत करावी लागली. नवे वकील येईपर्यंत तारीख लांबली, आणि त्या लांबलेल्या काळात आई वारली. तिच्या निम्म्या भागासाठी पुन्हा नवी कारवाई जोडावी लागली. दोन्ही भावांना आजही वाटते की मी दुसऱ्याच्या बाजूचा होतो. त्या कुटुंबाचे जे नुकसान झाले त्याला माझा पहिल्या दिवशीचा होकार कारणीभूत होता, हे मी आजवर विसरलेलो नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे की आपण या प्रकरणात आईचे वकीलपत्र घ्यावे किंवा एका मुलाचे व त्याच्या पत्नीचे घ्यावे, पण सर्वांचे घेऊ नये. आईचे घेणार असाल तर एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. तिच्या वाट्यापैकी निम्म्या भागाची विल्हेवाट ती मृत्युपत्राने हवी तशी लावू शकते; उरलेला निम्मा भाग मुलांसाठी कायद्याने राखून ठेवलेला आहे. त्यामुळे ज्या मुलाने आपल्याला आईकडे आणले तो उद्या आईचे मृत्युपत्र करून घ्यायलाही आपल्याकडेच येण्याचा संभव फार मोठा आहे. आई अशील असेल तर तिच्याशी बोलताना तो मुलगा खोलीत नसावा. आपल्या घरांत हे उद्धटपणाचे वाटते याची मला जाणीव आहे. तरीही चहा संपल्यावर मुलाला बाहेरच्या बाकावर बसायला सांगणे आणि आईला एकटीला दोन प्रश्न विचारणे हे वकिलाचे कर्तव्यच आहे, आणि ते शांतपणे व आदराने सांगितले तर कुटुंबे ते समजून घेतात, असा माझा अनुभव आहे.

सर्व वारस सज्ञान आहेत, मालमत्तेविषयी त्यांचा खरोखरच पूर्ण करार झालेला आहे आणि फक्त त्याला कायदेशीर रूप द्यायचे आहे, अशी स्थिती असेल तर प्रश्न वेगळा होतो. तेव्हा न्यायालयात न जाता नोंदणीकृत वाटणीपत्र करता येते, आणि त्याचा मसुदा एका वकिलाने करण्यास मी हरकत घेत नाही. मात्र आपण कोणाचे वकील आहोत हे प्रत्येकाला लेखी कळवावे, बाकीच्यांनी हा मसुदा स्वतंत्र वकिलाकडून पाहून घ्यावा असे त्याच पत्रात लिहावे, आणि वाद उपस्थित झाल्यास आपण कोणाच्याही वतीने उभे राहणार नाही हेही आधीच नमूद करावे. असा करार खरा आहे की केवळ आईसमोर धरलेले मौन आहे, हे ओळखायला प्रत्येकाला एकट्याने भेटावे लागते. परदेशातील दोघांना व्हिडिओ कॉलवर भेटा, पण भेटा. एका भावाने "ताईचं काही म्हणणं नाही" असे सांगणे हे ताईचे म्हणणे नव्हे.

आता मुंडकाराकडे वळतो. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतील ३३ वा नियम सांगतो की ज्या वकिलाने एखाद्या प्रकरणात एका पक्षाला सल्ला दिला आहे, त्याच्या वतीने मसुदा केला आहे किंवा काम पाहिले आहे, त्याने विरुद्ध पक्षाच्या वतीने उभे राहू नये. या नियमात ज्येष्ठ आणि कनिष्ठ असा भेद नाही. अर्ज ज्येष्ठांच्या नावाने दाखल झाला असला, तरी लेखणी आपली होती. म्हणून मुंडकाराच्या हक्काविषयी मामलेदारासमोर चाललेल्या कारवाईत या कुटुंबाच्या वतीने उभे राहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मुंडकाराची संमती आणून हा अडसर दूर होईल अशी कल्पना काही सहकारी बाळगतात, पण नियमाच्या शब्दांत संमतीचा अपवाद ठेवलेला नाही, आणि भाटकाराच्या घरून आलेल्या माणसाने मुंडकाराकडून घेतलेली संमती कितपत मोकळ्या मनाची असते हे आपण दोघेही जाणतो.

यापुढे जो प्रश्न येतो तो अधिक अवघड आहे. इन्व्हेंटरी ही मुंडकाराच्या अर्जापेक्षा वेगळी कारवाई आहे, तेव्हा तिथे ३३ वा नियम अक्षरशः लागू होत नाही, असे आपण म्हणू शकाल, आणि केवळ शब्दांपुरते पाहिले तर ते बरोबर आहे. परंतु मालमत्तेच्या यादीत त्या घराची नोंद कशी करायची, त्याचे मूल्य किती धरायचे आणि मुंडकाराचा कब्जा कोठपर्यंत मान्य करायचा हे ठरवताना तुम्ही काय वापरणार? त्या माणसाने विश्वासाने दाखवलेली जुनी पावती, त्याने सांगितलेली कच्ची बाजू, कुंपण नेमके कधी सरकले ही गोष्ट, हे सारे आपल्या डोक्यात आहे आणि ते तिथून काढून ठेवता येत नाही. अशिलाने सांगितलेली गोष्ट उघड न करण्याचे बंधन पूर्वी भारतीय पुरावा कायद्याच्या १२६ व्या कलमात होते, आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या १३२ व्या कलमात आहे. वकील आणि अशील यांचे काम संपल्यानंतरही ते बंधन संपत नाही. आचारनियमांतील २४ वा नियम अशिलाच्या विश्वासाचा गैरफायदा घेण्यास वेगळी मनाई करतो. म्हणून कुटुंबातील कोणाचेही वकीलपत्र घेताना, त्या मुंडकाराच्या घरासंबंधी मी कोणताही सल्ला देणार नाही आणि त्या भागापुरता दुसरा वकील नेमावा लागेल, असे आपण लेखी सांगितले पाहिजे. ते घर हाच वाटणीतील मुख्य वादाचा विषय असेल, तर संपूर्ण प्रकरणच सोडून द्या. कोणती गोष्ट कळली आहे हे सांगण्याची मात्र गरज नाही, आणि तसे सांगूही नये. "त्या विषयात मी पूर्वी काम पाहिले आहे" एवढे वाक्य पुरेसे असते.

देवस्थानाच्या बाबतीत उत्तर थोडक्यात देता येते. गोव्यातील देवस्थाने १९३३ च्या देवस्थान नियमावलीखाली चालतात, महाजनांची नोंद असते, समितीची निवडणूक असते, आणि मामलेदार हा प्रशासक असतो. आपण महाजन आहात, म्हणजे त्या संस्थेत आपले स्थान आहे, मत आहे आणि कदाचित मानाचा हक्कही आहे. वाद बाहेरच्या माणसाशी, उदाहरणार्थ देवस्थानाच्या जमिनीवरील अतिक्रमणाविषयी असेल, तर हा संबंध समितीला आणि न्यायालयाला उघड करून काम घेता येईल. वाद महाजनांमहाजनांतील असेल, म्हणजे कोण महाजन आणि पालखीचा मान कोणाचा असा असेल, तर तिथे आपण वकील नव्हे, पक्ष आहात. साक्षीदारही होऊ शकता, आणि ज्या प्रकरणात साक्ष देण्याचा संभव आहे ते प्रकरण वकिलाने घेऊ नये असे बार काउन्सिलच्या आचारनियमांतील १३ वा नियम सांगतो. कोमुनिदादीचा, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचा, गावकार असलेल्या वकिलाला हेच लागू होते, किंबहुना अधिकच, कारण गावकाराला झोण, म्हणजे त्या संस्थेच्या उत्पन्नातील वाटा, मिळते आणि आर्थिक हितसंबंध असलेले प्रकरण चालवण्यास ९ व्या नियमाने मनाई आहे. झोणाची रक्कम क्षुल्लक असते हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही.

आपण विचारलेले नाही, पण याच अनुषंगाने येणारा आणखी एक प्रसंग सांगून ठेवतो, कारण फोंड्यात आपल्याला तो लवकरच भेटेल. जमीन विकणारा आपला जुना अशील असतो, आणि घेणारा दिल्लीचा किंवा मुंबईचा असतो. घेणारा म्हणतो की मालकीहक्काचा अहवालही तुम्हीच द्या, तुम्हाला सगळे ठाऊक आहे. हा अहवाल देऊ नका. गोव्यातील हक्काचा शोध हा केवळ एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा) पाहण्याइतका सोपा नसतो. १९६१ पूर्वीचे दस्त पोर्तुगीजमध्ये आहेत, वर्णनक्रमांक जुन्या भूनोंदणीच्या पुस्तकांत आहेत, आणि मात्रीझमधील (जुन्या करनोंदवहीतील) नाव हा स्वतंत्र पुरावा आहे. परदेशी गेलेल्या किंवा निर्वंश झालेल्या कुटुंबांच्या जमिनी बनावट जुन्या दस्तांच्या आधारे विकल्या गेल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२२ मध्ये राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले आणि पुढे निवृत्त उच्च न्यायालय न्यायमूर्तींचा एकसदस्यीय आयोगही नेमला गेला. अशा वातावरणात विकणाऱ्याशी बांधलेल्या वकिलाने घेणाऱ्याला दिलेला हक्काचा दाखला किती विश्वासार्ह मानावा? पोर्तुगीज येत नसेल तर दस्ताचा अंदाजाने अर्थ लावू नका. जाणकाराकडून शब्दशः अनुवाद करून घ्या, आणि पुराभिलेखागारातील मूळ पुस्तकाशी दस्ताची प्रत स्वतः ताडून पाहा. जुन्या पिढीतील ज्या वकिलांना आणि नोटरींना ती भाषा अवगत होती ते दरवर्षी कमी होत आहेत, आणि लहान बारची, म्हणजे वकीलवर्गाची, ही झीज मला इतर सर्व अडचणींपेक्षा अधिक चिंतेची वाटते.

न्यायाधीशांशी असलेल्या नात्याबद्दल नियम स्पष्ट आहे, पण तो पुरा पडत नाही. ६ व्या नियमात वडील, भाऊ, चुलत-मावस भावंडे, सासरे, मेहुणे अशी नात्यांची यादी आहे, आणि ती केवळ न्यायालयाला नव्हे तर पुरावा घेण्याचा अधिकार असलेल्या अन्य प्राधिकाऱ्यांनाही लागू होते. म्हणजे आपला मावसभाऊ त्या तालुक्याचा मामलेदार असेल, तर मुंडकारांची प्रकरणे आपण तिथे चालवू शकत नाही. यादीत न बसणारी नाती मात्र अधिक त्रासदायक असतात. १९८२ पर्यंत गोव्यात न्यायिक आयुक्तांचे न्यायालय होते, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ पणजीत आले आणि २०२१ मध्ये ते पर्वरीच्या नव्या इमारतीत गेले. संस्था मोठी होत गेली तरी दिवाणी न्यायाधीश येतात ते येथल्याच बारमधून. काल आपल्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण आज पीठावर असते. अशा वेळी नियमाने मनाई नसली तरी समोरच्या वकिलाला पहिल्याच तारखेला ते सांगून टाकावे, आणि त्या न्यायालयासमोर आपली प्रकरणे चालू असेपर्यंत एकमेकांच्या घरी जाणे थांबवावे. मैत्रीला याने इजा होत नाही. बाहेर बाकावर बसलेल्या विरुद्ध पक्षकाराने मात्र तुम्हा दोघांना एकाच गाडीतून उतरताना पाहिले, तर त्यानंतरचा कोणताही निकाल त्याच्या दृष्टीने न्याय ठरत नाही, मग तो कितीही अचूक असो.

मग काम कोणाचे करायचे? या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते राज्याच्या लहानपणातच आहे. ज्या आकारामुळे संबंध दाट होतात, त्याच आकारामुळे दुसरा वकील जवळ असतो. फोंड्याहून मडगाव वीसएक किलोमीटरवर आहे आणि पणजी तीसएक. मोठ्या राज्यात तालुक्याच्या वकिलाने नाही म्हटले की अशिलाला जिल्ह्याच्या गावी जाण्यात दिवस घालवावा लागतो. येथे तो सकाळी डिचोलीत वकील गाठून दुपारी घरी जेवायला परत येतो. मी गेली कित्येक वर्षे नाकारलेली प्रकरणे मडगाव, म्हापसा आणि वास्को येथील पाचसहा विश्वासू सहकाऱ्यांकडे पाठवतो आणि त्यांनी नाकारलेली माझ्याकडे येतात. त्यासाठी कोणी कोणाला कमिशन देत नाही, आणि देऊही नये. पहिली दोन-तीन वर्षे हा हिशेब तोट्याचा वाटेल. घरभाडे आणि कारकुनाचा पगार डोळ्यांसमोर असताना चालून आलेली इन्व्हेंटरी नाकारणे किती कठीण असते, हे मी जाणतो. पण एवढ्या लहान समाजात "त्याने स्वतःहून सांगितले की मी तुमचे काम घेऊ शकत नाही" ही गोष्ट जितक्या वेगाने पसरते, तितक्याच वेगाने "तो दोघांच्याही बाजूला होता" ही गोष्टही पसरते, आणि दुसरी पुसायला आयुष्य पुरत नाही.

नकाराची वेळ फार महत्त्वाची आहे. कागद पाहण्यापूर्वी आणि हकीकत ऐकण्यापूर्वी नाही म्हणता आले पाहिजे, कारण हकीकत ऐकली की आपण बांधले गेलो. त्यासाठी कचेरीत एक साधी नोंदवही ठेवा. त्यात प्रत्येक अशिलाचे, विरुद्ध पक्षाचे, दोघांच्या पतिपत्नींचे आणि घराण्याच्या नावाचे, तसेच गाव व सर्व्हे क्रमांक यांचे रकाने असावेत. गोव्यात एकाच आडनावाची शेकडो घरे असतात आणि एकाच माणसाचे नाव पोर्तुगीज दस्तात एका तऱ्हेने, मराठी कागदावर दुसऱ्या तऱ्हेने आणि इंग्रजी आधारपत्रावर तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले असते, त्यामुळे केवळ नावावरून शोध लागत नाही. सर्व्हे क्रमांक मात्र फसवत नाही. ज्येष्ठांच्या कचेरीत आपण हाताळलेल्या प्रकरणांचीही यादी आठवून त्यात लिहा. नवा माणूस आला की आधी नाव, गाव आणि समोर कोण एवढेच विचारा, वही पाहा, आणि मगच खुर्ची पुढे करून बाकीचे ऐका.

आपल्यासमोरच्या कुटुंबाविषयी आणखी एक गोष्ट सांगायची आहे, कारण परदेशातील दोघांच्या बाबतीत चूक होण्याचा धोका सर्वांत मोठा आहे. बहुतेक घरांत अशा वारसांचे मुखत्यारपत्र गावातल्या भावाच्याच नावे केले जाते. तो भाऊ स्वतः कुळागरासाठी बोली लावणार असेल, तर बहिणीच्या वतीने तो कोणाचे हित पाहणार? आपण कोणाचेही वकील असा, मुखत्यार म्हणून बोली न लावणारी व्यक्ती नेमावी असे त्या दोघांना सुचवा, आणि मुखत्यार स्वतः होऊ नका. मुखत्यारपत्रावर मुलीबरोबर जावयाची आणि मुलाबरोबर सुनेचीही सही असू द्या, किंवा त्यांची स्वतंत्र मुखत्यारपत्रे करून घ्या. कागद तिकडच्या नोटरीसमोर होऊन त्यावर अपोस्टिल (परदेशात कागद मान्य व्हावा म्हणून तिकडच्या सरकारने केलेले प्रमाणीकरण) लागलेले असावे, आणि तो भारतात पोहोचल्याच्या दिवसापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. पोहोचल्याची तारीख सिद्ध करता यावी म्हणून ज्या पाकिटातून तो आला ते पाकीट फाइलमध्ये जपून ठेवा.